चौदा जणांचं टेबल

मी बोलतोय, पागे कोठीतलं जेवणाचं टेबल. माझ्या दोन बाकांवर चौदा माणसं ऐसपैस बसतात आणि मला त्याचा गर्व आहे. उगाच खोटा संकोच कशाला करू?

कुंडमकडच्या जंगलातल्या सागाचा मी. हिंदी मुलखातल्या दीक्षितपुऱ्यात पाग्यांची ही वाड्यासारखी कोठी; तिच्या जेवणघरातच मिस्त्रींनी मला जोडलं, त्यामुळे मी कुठल्याच दारातून अख्खा बाहेर निघत नाही. गेल्या वर्षी हेमचंद्र आणि विनता पाग्यांनी कोठीची नीट डागडुजी केली आणि पाहुण्यांसाठी मुक्काम-नाश्त्याची सोय सुरू केली. सून अवंतीनं दोघादोघांची चार छोटी टेबलं आणली. माझ्यावर चादर पडली आणि चादरीवर उशांचे ढीग. शेवटी ठरलं, रविवारी मिस्त्री येईल आणि मला मधोमध कापून बाहेर काढेल. माझी तर पाचावर धारण बसली.

त्या छोट्या टेबलांवर पाहुणे मोबाइल बघत मुकाट्यानं खायचे आणि निघून जायचे. परत कुणी आलं नाही. वाढायला गेलेल्या विनताबाई पोह्यांचं भांडं तसंच घेऊन परतायच्या.

रविवार उजाडला. हेमचंद्रांची सगळी नोकरी तोफांच्या कारखान्यात, भोंग्याच्या तालावर गेलेली. 'नाश्ता आठ ते दहा' असं लिहून प्रत्येक खोलीत लावायला अवंतीनं त्यांना सांगितलं होतं. यांनी लिहिलं, 'नाश्ता ठीक आठ वाजता. उशीर चालणार नाही.' आठच्या ठोक्याला अकरा पाहुणे हजर, आणि खुर्च्या आठ!

"बाबा, हे काय करून ठेवलं तुम्ही?" अवंती रडकुंडीला आली.

"अगं, टाइम म्हणजे टाइम!"

"आता भांडून काहून राहिले?" म्हणत विनताबाईंनी उशा जमिनीवर ढकलल्या आणि चादर ओढली. "आइए जी, सब यहीं बैठिए."

आणि बसले की हो सगळे! पोहे, जिलबी, गरम थालीपीठं. नको म्हणणाऱ्याच्या ताटात विनताबाईंनी एक जास्तच वाढलं. नातेवाइकांच्या लग्नाला आलेल्या सिहोऱ्याच्या गुरुजींनी दिल्लीच्या जोडप्याला भेडाघाटच्या धबधब्याचा रस्ता समजावला. नागपूरच्या दोन बहिणी थालीपीठाची कृती लिहून घेत होत्या. नऊ वाजले तरी कुणी उठेना. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात मिस्त्री आरी घेऊन दारात उभा राहिला. विनताबाईंनी त्यालाही बाकावर बसवलं. खाता खाता त्यानं माझ्या कडेवरून हात फिरवला.

"दीदी, इसको काटना है? ये मुझसे नहीं होगा."

अवंतीनं भरलेल्या बाकांकडे एकदा नीट पाहिलं. "रहने दो भैया. वो छोटे टेबल बाहर निकाल दो, फूलों के गमले रखेंगे उन पर."

दिल्लीच्या जोडप्यानं निघतानाच होळीसाठी पुन्हा खोली ठरवून टाकली.

आता रोज सकाळी मी भरलेला असतो. तुम्हीही या. आल्यावर कोपरा शोधू नका, अनोळखी माणसाला जरा सरकायला सांगा आणि बसा. मी अख्खा आहे, जागा भरपूर आहे!