सतराचं अ‍ॅव्हरेज

नंदकिशोर पेट्रोलच्या नळीवर वाकून उभे होते. टाकी भरल्याचा खटका वाजला तसा त्यांनी हात वर केला.

"बस. आता एक थेंबही नको."

पंपावरच्या माणसाने झाकण लावलं. नंदकिशोरांनी वहीत रविवारची तारीख घातली, खाली किलोमीटरचा आकडा लिहिला आणि चारही टायर बुटाच्या टोकाने दाबून पाहिले. हवा कालच बरोबर करून घेतली होती. एअर फिल्टर नवा बसवला होता. डिकीतलं सगळं ओझं घरी काढून ठेवलं होतं. दोन मोडक्या खुर्च्या, नारळांचं पोतं, आणि एक चपटी उशी.

"ही कुणाची रे?" त्यांनी काल विचारलं होतं.

"माझी, साहेब. कंबरेला लागते," ड्रायव्हर कुंडलिक म्हणाला होता.

आता ती उशी मागच्या सीटवर उत्तराच्या मांडीवर होती. पाठ दुखते, असं नवऱ्याला सांगून तिने ती सोबत घेतली होती.

गाडी लिटरला पंधरा द्यायची. तीन महिन्यांत ती बारावर आली होती. बुधवारी जेवताना नंदकिशोर म्हणाले होते, "पेट्रोल गाडी पीत नाहीये. कुणीतरी काढतंय. अकरा वर्षं कामावर असलेला माणूस, बोलायला जीभ उचलत नाही. रविवारी मी स्वतः बसतो पुढे. टाकी भरायची, फिरून यायचं, परत भरायची. कळेल काय ते."

उत्तराच्या हातातला घास हातातच राहिला होता. पेट्रोल कुठे जातं हे तिला ठाऊक होतं. साहेबांना अंधेरीच्या ऑफिसात सोडून कुंडलिक मुलुंडला परतला की ती दोघं बंद कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर जात. तासभर पहिला गिअर, दुसरा गिअर, रिव्हर्स. पळणं थोडं, जळणं फार. एकसष्टाव्या वर्षी उत्तरा गाडी शिकत होती. बावीस वर्षांपूर्वी तिने सोसायटीच्या गेटला गाडी घासली होती. तो किस्सा नंदकिशोर अजून पाहुण्यांना हसत हसत सांगत. म्हणून या खेपेला पुरतं जमेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं तिने कुंडलिककडून कबूल करून घेतलं होतं. परीक्षा झाली होती. लायसन्स आठ दिवसांपूर्वी आलं होतं, तिच्या पर्समध्ये होतं. राहिलं होतं ते पार्किंग.

गुरुवारी ती कुंडलिकला म्हणाली होती, "मी सांगून टाकते त्यांना."

"माझ्यासाठी घाईघाईत नको, ताई. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा."

"मग रविवारी जरा वाईट चालवा ना. ब्रेक मारा, रेस करा. अ‍ॅव्हरेज कमी आलं तर ते इंजिनाला दोष देतील. चांगलं आलं तर तुम्हीच चोर ठराल."

कुंडलिक बराच वेळ काच पुसत राहिला होता.

"ठरलो तर ठरलो," तो म्हणाला होता. "पण गाडी वाईट चालवणं मला जमायचं नाही."

गाडी पंपावरून निघाली. पवईपर्यंत नंदकिशोर मोबाईलवर वाचून दाखवत होते.

"अचानक ब्रेक नाही. पन्नास-साठच्या वर नाही. सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद. ऐकतोयस ना?"

"हो साहेब."

ऐकत तो होता की नाही, कोण जाणे. सिग्नल लांबून लाल दिसला की त्याचा पाय ॲक्सिलेटरवरून उठे. गाडी आपल्या वेगाने सरकत जाई आणि पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झालेला असे. गिअर कधी बदलला ते कळतच नव्हतं. मागे बसून उत्तरा वाट पाहत होती, की कुठेतरी तो जोरात ब्रेक मारेल, कुठेतरी उगाच इंजिन ओरडेल. तिने पुढे वाकून तोंड उघडलं.

"अहो, ऐका ना जरा."

"मध्ये बोलू नकोस गं. त्याचं लक्ष जातं."

आरेच्या रस्त्यावर म्हशींचा एक तांडा आडवा आला. कुंडलिकने लांबूनच पाय काढला होता. गाडी आवाज न करता पुढे आली, शेवटच्या म्हशीचं शेपूट बाजूला झालं, आणि ब्रेकला पायही न लागता ते पुढे गेले. उत्तराचा डावा पाय नकळत खाली दाबला गेला, जणू तिथे क्लच होता. आरशात कुंडलिकचे डोळे क्षणभर तिच्याकडे आले आणि पुन्हा रस्त्याकडे गेले.

साकीनाक्याला रविवार असूनही गाड्या तुंबल्या होत्या. एक टेम्पो तिरका घुसला.

"हॉर्न मार त्याला. घुसू काय देतोस?"

"जाऊ दे साहेब. त्याच्या मागे धावलो तर आपलंच जळेल."

घाटकोपर मागे पडलं. मुलुंडच्या त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी राहिली. तिघेही खाली उतरले. नंदकिशोर पुन्हा नळीवर वाकले. खटका वाजला. दोन लिटर साठ. चव्वेचाळीस किलोमीटर. त्यांनी मोबाईलवर भागाकार केला, मग पुन्हा एकदा केला.

"सतरा," ते म्हणाले. त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

कुंडलिक झाकण घट्ट बसलंय का ते बघत होता.

"म्हणजे गाडीत काही दोष नाही."

"नाही साहेब. गाडी चांगलीय."

"मी बसलो की सतरा. मी नसलो की बारा." त्यांनी वही मिटली. "आता तूच सांग, मी काय समजायचं?"

कुंडलिकने खिशातून किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली.

"समजायचं ते तुम्ही समजलाच आहात, साहेब. दुसरा माणूस बघा."

तो चार पावलं मागे जाऊन हात मागे बांधून उभा राहिला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"काका, गाडी पुढे घ्या," पंपावरचा माणूस म्हणाला. "लाईन लागलीय."

डोळ्याच्या ऑपरेशननंतर नंदकिशोर गाडी चालवत नसत. ते किल्लीकडे बघत राहिले.

ती उत्तराने उचलली. तिने पुढचं दार उघडलं, उशी ड्रायव्हरच्या सीटवर टाकली, हाताने दाबून सारखी केली आणि बसली. सीट खटखट चार खाचा पुढे ओढली. ती उशी तिथे किती नेमकी बसली, हे नंदकिशोर उघड्या दारातून बघत होते.

"उत्तरा, काय चालवलंयस? उतर खाली."

तिने पर्समधून लायसन्स काढून समोर ठेवलं.

"तीन महिने," ती म्हणाली. "पहिला आणि दुसरा. तुमचं पेट्रोल तिथे गेलं. बसा. कुंडलिक, तुम्हीही बसा. मागे. आज शिकवायचं नाही."

दोघेही बसले. गाडीने एक आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. मागून तीन हॉर्न वाजले. उत्तराने आरसा खाली केला, किल्ली पुन्हा फिरवली आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी रस्त्याला लागली.

नंदकिशोर मागे वळले. "कुंडलिक, मी..." त्यांनी सुरुवात केली.

"साहेब, पुढे बघा," कुंडलिक म्हणाला. "ताईंचं लक्ष जातं."

ते पुढे बघू लागले. इंजिन मोठ्याने ओरडत होतं. त्यांचा हात गिअरकडे गेला आणि अर्ध्यातून मांडीवर परत आला.

"पहिल्यावर पेट्रोल फार पिते गं ती."

"पिऊ दे," उत्तरा म्हणाली. पुढची बस वळून जाईपर्यंत ती थांबली, मग तिने दुसरा टाकला.