आठवी भेली

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एक लांब, वळणावळणाची रेघ काढली. "हे आपलं आतडं," ते म्हणाले. मग त्या रेघेच्या सुरुवातीपासून तिच्या शेवटाजवळपर्यंत त्यांनी एक आखूड रेघ ओढली. "आणि पाच वर्षांपूर्वी मुंबईत यांचं असं केलं. अन्न इथून निघतं आणि इथे पोचतं. मधलं आतडं पोटातच आहे, जिवंत आहे. पण त्यात अन्न जात नाही."

खुशालराव खुर्चीच्या कडेवर बसून कागदाकडे पाहत होते. अंजनगाव सुर्जीला त्यांचा पानमळा होता, आणि पाणी कसं फिरवायचं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

"म्हंजे पाटाचं पाणी वाफ्यात न घालता सरळ नाल्यात सोडून देल्लं," ते म्हणाले.

"बरोबर."

"अन् वेल सुकून राहिले."

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोकडे, सत्यवतीकडे पाहिलं. ती भिंतीशी असलेल्या बाकावर, दाराजवळ बसली होती. कुठेही गेली तरी ती दाराजवळच बसायची. "हो," डॉक्टर जरा हळू म्हणाले.

पाच वर्षांपूर्वी ती त्या बाकावर मावली नसती. एस.टी.त तिला दोन माणसांची जागा लागायची आणि कंडक्टर दोन तिकिटांचा विनोद करायचा. गुडघे गेले होते, पाटावर बसली की उठवायला दोघीजणी लागत. जवळच्या अचलपूरचा एक मुलगा अमेरिकेत शिकून मुंबईला मोठा सर्जन झाला होता. एका लग्नात त्यानं तिला पाहिलं. पंगतीत नव्हे, ती परक्यांसमोर जेवतच नसे. मांडवाबाहेर, गाडीत चढता येईना म्हणून उभी असताना. त्यानं आपणहून सांगितलं की तिकडे यावर एक नवं ऑपरेशन निघालंय.

ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष चांगलं गेलं. लग्नातल्या पाटल्या हातात शिरल्या. ती एका सीटवर बसून माहेरी, पातूरला गेली आणि खिडकीतून सगळा रस्ता पाहिला. पुढे जे काही झालं त्याबद्दल ती बोलली, पण त्या एका वर्षाला तिनं कधी वाईट म्हटलं नाही.

मग वजन उतरायचं थांबलं नाही. जेवण झालं की अर्ध्या तासात परसाकडे धाव. हाताची बोटं वाकडी होऊन आखडायची, ती चोळून सरळ करावी लागायची. दिवस कलला की दिसेनासं व्हायचं. दिवेलागणीला ती भिंत धरून चालायची.

"पुन्हा जोडता येते का?" खुशालरावांनी विचारलं.

"येतं. मी मुंबईला त्या सर्जनना लिहिलं होतं. अमेरिकेतही आता ही आतडी परत जोडायला लागलेत. ते दिवाळीला अचलपूरला घरी येतात. दोन दिवस काढून इथे अमरावतीत माझ्याबरोबर करायला तयार आहेत." डॉक्टरांनी पेन बंद केलं. "पण वजन चाळीस किलो पाहिजे, अशी त्यांची अट आहे. मलाही ती मान्य आहे. त्याखाली टाके धरत नाहीत."

मघाशी काटा छत्तीसवर थांबला होता.

"जोडल्यावर," सत्यवती पहिल्यांदाच बोलली, "अंग परत येईल?"

"येईल. पहिल्याइतकं कदाचित नाही. पण येईल."

तिनं पदर सारखा केला. बरं वाटलं की वाईट, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. "वजन वाढावं म्हणून आप्रेशन," ती म्हणाली, "अन् आप्रेशन व्हावं म्हणून आधी वजन वाढवा. डॉक्टरसाहेब, हे कसं जमावं?"

खाण्याचं लिहून द्यायला डॉक्टरांनी पेन पुन्हा उघडलं. मऊ भात, केळी, लोणी काढलेलं ताक, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, असं त्यांनी सांगितलं. आणि तूप, तेल, शेंगदाणे अजिबात नाही. "तुमचं आतडं तूप शोषत नाही. ते तसंच बाहेर पडतं, आणि जाताना अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, घेऊन जातं. हात त्यानंच आखडतात."

परतीच्या गाडीत ती पुढच्या दाराशी बसली. प्रवास असला की ती आदल्या रात्रीपासून काही खात नसे. म्हणजे डॉक्टरांकडे वजन करायला येण्यातही तिचं थोडं वजन जायचं. हे तिच्या लक्षात आलं, पण कोणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी केशरबाई, तिच्या सासूबाई, ओट्यावर वाट पाहत होत्या.

"काय म्हणे डाक्तर?"

"चाळीस किलो झाली की जोडतो म्हणे," खुशालरावांनी सांगितलं. "अन् तूप बंद."

"तूप बंद?" केशरबाईंनी दोघांकडे पाहिलं. "अन् वजन कायनं वाढंल, हवेनं?"

"आत्याबाई, मले तूप पचत नाई," सत्यवती म्हणाली. "डॉक्टरसाहेबांनी चित्र काढून दाखवलं."

"त्याले काय मालूम? डाक्तरचंच ऐकलं म्हणून तू अशी झाली."

सत्यवती लठ्ठ होती तेव्हा या घरात तुपाच्या बरणीचं कपाट कुलपात असायचं. किल्ली केशरबाईंच्या कमरेला. घरच्या पंगतीत सगळ्यांच्या वरणावर धार पडायची आणि तिच्या ताटाशी आली की हात वर जायचा. "तुले कायले? तुह्या अंगात का कमी तूप हाय?" पंगत हसायची, सत्यवतीही हसायची. एवढ्या वर्षांत सासूनं तिला 'अजून घे' असं एकदाही म्हटलं नव्हतं.

आता कुलूप निघालं होतं. डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी केशरबाईंनी मऊ भाताचं ताट तिच्यापुढे ठेवलं. पहिल्या घासालाच सत्यवतीला कळलं. वरचा भात कोरडा होता, खालचा चमकत होता. वाढायच्या आधीच ताटात तूप घालून त्यावर भात लोटला होता.

तिनं मान वर केली. केशरबाई समोर गुडघ्यावर हनुवटी टेकून बसल्या होत्या.

"घे व माय," त्या म्हणाल्या. "अजून घे."

सत्यवतीनं तो भात खाल्ला.

नंतर परसात भिंत धरून उभी असताना तिनं ठरवलं, उद्या सांगायचं. उद्या ताट आलं, समोर त्याच बसल्या, तोच शब्द आला. तिनं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून पाहिलं, तर केशरबाईंचे डोळे भरून आले. "माह्या हातचं नको वाटते तुले. मी तवा तशी वागली, म्हणून." मग तिनं ताट पुढे ओढलं.

नवरात्र जवळ आलं तशी शेजारची पार्बताबाई रोज चक्कर मारू लागली. तिच्या जिभेला धार होती आणि तिला ती लपवायची सवय नव्हती.

"केशरबाई, तुमचा तो नवस काहून राहिला व? सून बंबईहून जिती आली की तिच्या भारंभार गूळ चढवीन म्हणे देवीले. मी व्हती तथी."

"फेडायचाच हाय."

"फेडानं मग. पाच वर्सं थांबल्या. सून जेवढी वाळंल तेवढा गूळ कमी, असा हिसाब दिसते तुमचा."

बायका हसल्या. आतमध्ये सत्यवतीनंही ऐकलं. पण केशरबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या मनानं एक गोष्ट धरली. नवस लांबतच गेला होता. आधी दुष्काळ होता, मग मुलीचं लग्न निघालं, मग 'होऊ दे जराशी हलकी' असं खरंच एकदा मनात आलं होतं. आणि देवीनं ते ऐकलं.

"ते आतड्याचं नाई काई," त्यांनी रात्री मुलाला सांगितलं. "देवी तिचा गूळ आपल्या हातानं काढून घेऊन राहिली. शेर शेर करून."

"फेडून टाकू, माय," खुशालराव म्हणाले. "तेवढंच वजन बी समजेल." यातली वजनाची गोष्ट त्यांनी सत्यवतीला सांगितली. गुळाच्या पाच-पाच किलोच्या भेल्या आणतो. आठ भेल्यांनी तोल झाला, तर चाळीस. दिवाळीला आप्रेशन.

ती मनात आठचा आकडा धरून बसली. आत काय चाललंय ते तिला ठाऊक होतं, तरीही. पदर जाड वाटायचा, पाटल्या कमी सरकल्यासारख्या वाटायच्या.

अष्टमीला दिवस कलताना देवीच्या देवळासमोर कापूस तोलायचा मोठा तराजू टांगला होता, दोन लाकडी पारड्यांचा. तिला हात धरून एका पारड्यात बसवलं. साखळ्या तिनं दोन्ही हातांनी धरल्या. उजेड जाऊ लागला होता आणि लोकांचे चेहरे तिच्यासाठी विरघळत होते. भेल्या तिला दिसणार नव्हत्या, ऐकू येणार होत्या.

पुजारी मोजत होता. भेली ठेवल्याचा जड आवाज, मग आकडा. चार झाल्या, पाच झाल्या. तिचं पारडं जमिनीला टेकून होतं. सहावी झाली तरी टेकूनच. तिनं श्वास धरला, जसं काही श्वास धरल्यानं वजन वाढतं.

"सात," पुजारी म्हणाला, आणि पारडं जमिनीवरून सुटलं.

अगदी हळू सुटलं. तिच्या पायांखाली वीतभर हवा आली. खुशालराव जवळच उभे होते. त्यांचा हात साखळीवर पडला आणि तसाच राहिला.

"झालं माय," ते म्हणाले. "बस कर."

"हे कायचं वजन?" केशरबाईंचा आवाज आला. "हे आजचं झालं. मी नवस बोलली तवा ती केवढी व्हती? तेवढाच देईन. गाडीत अजून भेल्या हायेत. ठेव, महाराज."

आठवी भेली पडली. पारडं झपकन वर गेलं, दांडी वर ठोकली आणि सत्यवती लोकांच्या डोक्यांच्या वर लोंबकळत राहिली. मग नववी, दहावी. आता भेल्या पडल्या तरी तिच्या बाजूला काही होत नव्हतं. खालून बायका जयजयकार करत होत्या. पार्बताबाई म्हणाली, "केशरबाईनं आमचं तोंड बंद केलं बाप्पा," आणि त्यात या वेळी धार नव्हती.

सत्यवतीच्या पोटात कळ आली.

"उतरवा मले," ती म्हणाली.

"जरासं थांब. जुनं वजन पुरं होऊ दे."

"आत्याबाई, मले जाऊ द्या."

पुजारी म्हणाला, पारड्यातला गूळ देवीचा झाला, तो आता काढता येत नाही. पुरा झाला की बाईंना वरच्या वर उतरवून घ्या. मोजणी चालू राहिली. तिनं साखळ्या घट्ट धरल्या. बोटं आखडत आली, सोडायची म्हटली तरी सुटली नसती. खाली कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं. ती एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून होती, आणि तीही शेवटी तिच्या हातात राहिली नाही.

खुशालरावांनी तिला खांद्यावर घेऊन उतरवलं तेव्हा तिचं रिकामं पारडं वरच्या वर झुलत राहिलं. त्यांनी आपलं उपरणं तिच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि कोणाशी न बोलता तिला घरी आणलं.

ओट्याजवळ ते म्हणाले, "पस्तीसही नाई भरली तू." थोडं थांबून, "भात-केळी तर सुरूच होतं नं?"

"सुरूच होतं," सत्यवती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केशरबाई लवकर उठल्या. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता. दुपारी त्यांनी सुनेपुढे ताट ठेवलं, भाताच्या मुदीत बोटानं खळगा केला आणि बरणी वाकडी केली. आज तूप लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"फिटला नवस," त्या म्हणाल्या. "आता पाह्य, कसं अंग धरते ते."

आज घरीच जेवायला बसलेल्या खुशालरावांचा हात घासासकट थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग सत्यवतीकडे. "हे रोजच चालू होतं?" त्यांनी विचारलं.

सत्यवतीनं बोटांनी भात आणि तूप नीट कालवलं.

"जेऊ दे तिले," केशरबाई म्हणाल्या. "घे व माय. अजून घे."

सत्यवतीनं घास घेतला. ती नेहमीसारखीच परसदाराकडे तोंड करून बसली होती. पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या उजव्या हाताशी होता.