खडू लावलेला टोगा

मित्रांनो, नाकं दाबू नका. मी एक जुना टोगा आहे, रोममधल्या परटाने मुताच्या टाकीत तुडवून धुतलेला. टोगा म्हणजे इथल्या पुरुषांनी अंगाला गुंडाळायचं लोकरीचं वस्त्र. माझी मेंढी गरीब होती बिचारी, पण माझ्या नशिबी आला गॅव्हियस.

गॅव्हियसला न्यायाधीश व्हायचं होतं. मतं मागायला निघणाऱ्याने पांढराशुभ्र टोगा नेसायचा, ही आमची रीत. म्हणून परटाने मला खडूने घासघासून चमकवलं. शुभ्र म्हणजे 'कांदिदा', आणि तसा टोगा नेसणारा तो 'कांदिदातुस'. तुमच्या इंग्रजीतला 'कँडिडेट' त्याचाच वंशज, म्हणजे माझ्याच पोटचा. काय पण कुळ!

लढाईतले व्रण लोकांना दिसावेत म्हणून कितीतरी उमेदवार टोग्याच्या आत अंगरखाच घालत नसत. गॅव्हियसच्या छातीवर एकच व्रण होता, लहानपणी अंजिराच्या झाडावरून पडल्याचा. कोणी विचारलं, की मेला नुसता उसासा टाकायचा!

त्याच्या मागे म्हातारा गुलाम हर्मास चालायचा. समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात सांगायचं, हे त्याचं काम.

"तो कॉर्वियस, पाववाला. बायको बाळंत झालीय."

"अरे कॉर्वियस!" गॅव्हियस लगेच गळ्यात पडायचा. "वहिनी बऱ्या आहेत ना? बाळ कोणावर गेलंय?"

पाववाला विरघळायचा. माझा खडू त्याच्या खांद्याला लागायचा.

हर्मासला हजारो नावं पाठ होती. मालक मात्र त्याला तीस वर्षं "ए" म्हणूनच हाक मारत होता. निवडून आलो की तू मोकळा, असा शब्द होता त्याचा. माझी घडी घालताना हर्मास पुटपुटायचा, "कापुआला लेकीकडे जाईन बाबा. मग एकाचंही नाव लक्षात ठेवणार नाही."

हर्मासच्या जिवावर गॅव्हियस निवडून आला. पद घेतलं त्या दिवशी तो जांभळ्या काठाचा नवा टोगा नेसून मित्रांत बसला होता. हर्मास पुढे झाला.

"मालक, तुम्ही शब्द दिला होतात..."

गॅव्हियसने त्याच्याकडे पाहिलं. मग नावं सांगायला ठेवलेल्या शेजारच्या नव्या गुलामाकडे वाकून म्हणाला, "कोण रे हा? नाव काय याचं?"

नव्या गुलामाला ते ठाऊक नव्हतं.

पुढे मी फरशी पुसायचं फडकं झालो, आणि मला पिळणारे हात हर्मासचेच होते. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पांढरा कपडा हात जोडून दारात आला, तर आधी बोट लावून बघा, खडू निघतो का. आणि त्याला एवढंच विचारा, तुझ्या मागे उभा आहे त्याचं नाव काय?