एक जून

"अडतीस?" चंद्रावतीने पुन्हा विचारलं. "अहो, नीट बघा की!"

"तोच आकडा आहे, ताई," अंकिता म्हणाली. "चाळीस लागत होते."

चंद्रावती खुर्चीत बसली. पनवेलच्या त्या धर्मादाय इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि केसपेपरच्या खिडकीवर तिची चोवीस वर्षं गेली होती. 

कोन गावाच्या पलीकडे तिचं माहेर. गावाला लागूनच दगडाची पावडर करणारा कारखाना. गावातल्या बायकांनी तिथे वर्षानुवर्षं गोणी भरल्या आणि आता त्या खोकून खोकून अर्ध्या झाल्या होत्या. जिल्ह्याच्या समितीने ठरवलं होतं, धुळीने फुफ्फुसं गेलेले चाळीस पेशंट निघाले तर कारखाना थांबवून चौकशी करायची. पेशंट विखुरलेले तीन इस्पितळांत, आणि नाव द्यायला एकजण तयार होईल तर शपथ. समितीत कारखान्याचाच डॉक्टर बसलेला! घरटी एक माणूस तिथे कामाला. कोण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल?

तेव्हा मुंबईहून ही कॉम्प्युटरवाली अंकिता आली. तिने समजावून सांगितलं, "प्रत्येक इस्पितळाची यादी तिथल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद होणार. कुलूप न उघडताच तिन्ही याद्या एकत्र मोजायच्या. एक माणूस दोन ठिकाणी गेला असला तरी तो एकदाच धरला जातो. शेवटी तिघांच्या किल्ल्या एकत्र लावल्या की फक्त आकडा बाहेर येतो. नाव मलाही दिसत नाही."

चंद्रावतीला हे भलतंच पटलं. ती गावात घरोघर फिरली. थोरली वहिनी सोनाबाई हटून बसली होती, तर तिला म्हणाली, "वहिनी, तुझा नाव देवालासुदीक कलनार नाय. माझी आन!" तेव्हा कुठे वहिनीने कागदावर अंगठा उठवला.

आणि आता अडतीस.

"माणूस एकच आहे हे मशीन ओळखतं कशावरून?" चंद्रावतीने विचारलं.

"नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख. मधलं नाव घेतलं नाही. बायकांचं एका इस्पितळात वडिलांचं असतं, दुसरीकडे नवऱ्याचं."

चंद्रावती कपाटाशी गेली. तिने आपल्या इस्पितळाची यादी काढली. सोनाबाई भोईर, सोनाबाई भोईर, सोनाबाई भोईर. गाव एक, तिघी तीन घरच्या. एकाच साली केसपेपर काढताना तिघींनीही वय पन्नास सांगितलं होतं आणि जन्मतारीख एकीलाही ठाऊक नव्हती. मग पन्नास वजा करून साल काढायचं आणि पुढे एक जून ठोकायचा! शाळेत मास्तरांनी खुद्द चंद्रावतीलाही एक जूनच लावला होता, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून. खिडकीवर पन्नास माणसांची रांग असताना कोण कुणाचा जन्म खोदत बसतं? चोवीस वर्षांत निम्मा तालुका तिने एक जूनला जन्माला घातला होता.

"मॅडम, ह्या तीन बायका आहेत हो! मशीनने एक केली. धरा की चाळीस!"

अंकिताचा चेहरा उतरला. "मला आतलं काही दिसत नाही, ताई. पुन्हा मोजायची मुदत संपली. आता एकच उपाय, तिघींनी सह्या द्यायच्या आणि तुम्ही रजिस्टर समितीपुढे उघडायचं. नावासकट."

बाकीच्या दोघी तयार झाल्या. रविवारी चंद्रावती वहिनीकडे गेली. सोनाबाई ओटीवर उशांना टेकून बसली होती. बोलताना मध्ये मध्ये तिला थांबावं लागत होतं.

"माझा धर्मराज कारखान्याच्या गेटवं हाय कामाला," ती म्हणाली. "माझा नाव निंगला तं उंद्या त्याला भायेरच उबा करतील. त्याची दोन पोरा हायेत, चंद्रा."

"वहिनी, एका नावावर अडलाय गो सगला."

"तू आन घेतलेलीस."

 रजिस्टर चंद्रावतीच्याच कपाटात होतं, उघडलं असतं तर कुणी हात धरणार नव्हतं. पण ज्या शब्दावर चाळीस माणसांनी विश्वास टाकला, तो तिचा शब्द होता.

मग तिने विचारलं, "वहिनी, तू जन्मलीस कवा?"

"आय बोलायची, गवरी आल्या त्या दिसाला. भायेर गवर घरात घेतली नि आतमंदी मी." सोनाबाई हसली आणि हसता हसता खोकत सुटली. "आनि मधल्या घरची सोनी शिमग्याची. तिला तर आमी होलीची बोंब बोलायचो!"

म्हणजे तारखा होत्या. गावात सगळ्यांना माहीत होत्या. खिडकीवर फक्त कुणी विचारलं नव्हतं, आणि ती खिडकी चंद्रावतीची होती. घरी येताना रिक्षात तिला रडू आवरेना.

समितीने अडतीसवर फाईल मिटवली. कारखाना चालूच राहिला.

दिवाळीनंतर सोनाबाईला इस्पितळात आणलं. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. मृत्यूचा फॉर्म भरायला धर्मराज कारखान्याच्या निळ्या शर्टातच खिडकीशी आला. चंद्रावतीने काही न विचारता लिहायला घेतलं. भटजींकडून जुनं पंचांग बघून काढलेली गौरीची तारीख तिच्या पर्समध्ये महिनाभर होती. सप्टेंबरातली. तिने ती टाकली.

कॉम्प्युटरने फॉर्म घेतला नाही. आधारवरची तारीख जुळत नव्हती.

तिने पुन्हा तीच टाकली. पुन्हा लाल ओळ आली.

"आत्या, जुळंल तीच टाक ना," धर्मराज हळूच म्हणाला. "गाडी थांबलेय भायेर. मानसा जमलीत."

चंद्रावतीने डोळे पुसले. एकेक आकडा खोडला आणि एक जून लिहिला. फॉर्म लगेच गेला.