बिनखिडकीच्या खोलीतला सूर्य

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. प्रयोगशाळेतल्या बिनखिडकीच्या खोलीत छताला टांगलेला. मला बसवणारा वायरमन हसून म्हणाला होता, "मजा आहे गड्या, थेट सूर्याची नोकरी लागली तुला." खरंच होतं ते. खाली पिंजऱ्यांत पांढरे उंदीर होते. मी लागलो की त्यांचा दिवस, विझलो की रात्र.

तिथे संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई या उंदरांच्या यकृताचा तुकडा कापून काढत. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. त्यातल्या पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात. पण वाटेल त्या वेळी नाही. अंधार पडायच्या सुमारास उंदराच्या रक्तात एक संप्रेरक वाढतं, शरीराने पेशींना धाडलेला निरोपच तो, आणि त्यांना थोपवून धरतं. ते ओसरलं की उजेडाच्या वेळी पेशी भराभर दुभंगतात. हे नीट कळलं तर यकृत कापावं लागलेल्या माणसांना उपयोग होईल, अशी बाईंना आशा होती. उंदरांची रात्र कामाच्या वेळेत तपासता यावी म्हणून बाहेर दुपार असताना मला विझवून ठेवत.

पिंजरे सांभाळणाऱ्या मावशींना दुपारी दार उघडायची मनाई होती. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. एकदा आतून केविलवाणी चिरचिर ऐकू आली आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी मला लावलं, एका उंदराला तळहातावर घेऊन पाणी पाजलं. मग त्या रोजच येऊ लागल्या. शेवटी बाईंना दाराखालून उजेड दिसला.

"ताई, ऑपरेशन झालेलं लेकरू ते," मावशी म्हणाल्या. "अंधारात पाणीसुद्धा सापडेना त्याला."

बाई चिडल्या नाहीत. "मावशी, तुम्ही त्यांच्या मध्यरात्री सकाळ केलीत. आता यांच्या पेशींचं काहीच सांगता येणार नाही. नवे उंदीर आणावे लागतील."

"आणि हे?"

बाई पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काढू लागल्या. "हे फुकट गेले."

पिंजरे एकेक करून बाहेर गेले आणि रिकामे परत आले. ते मावशींनीच धुतले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता नवे उंदीर आहेत. दुपारी चिरचिर सुरू झाली की मावशींच्या चपला दाराशी येऊन थांबतात. दार उघडत नाही.

मित्रांनो, मावशींना बोल लावू नका. कुणाला एखादी गोष्ट करू नको म्हणाल, तेव्हा का ते शेजारी बसून सांगा. आणि कुणाची कणव आली, तर माझ्यासारखा दिवा लावण्याआधी त्या जिवाची कुठली वेळ चालली आहे, एवढं विचारा.