सावाचा शेवटचा सामना
रोदिओन गुश्चिन अकरा वर्षं व्होल्गाकाठच्या एका फुटबॉल संघाच्या मधल्या फळीत खेळला, तो सावा झिल्किनच्या जोडीनं. गुडघा कामातून गेल्यावर तो प्रशिक्षक झाला. सावा मात्र खेळत राहिला. हंगामाचा शेवटचा सामना हरला, तर संघ खालच्या विभागात घसरणार होता. सदतिशीतल्या सावाचे पाय आता उचलत नव्हते. रोदिओननं त्याला बाकावर बसवलं.

"रोद्या, अरे, माझा हा शेवटचा सामना," सावा म्हणाला. "पंधरा मिनिटं तरी उतरव."

"तुला धावता येत नाही, सावा."

"आणि तुझी ही पोरं? धावतात, पण कुठे, ते त्यांनाच ठाऊक नसतं!"

रोदिओन बधला नाही. संघ तीन गोलांनी हरला.

सामना संपल्यावर तो सावाजवळ गेला. "चल घरी. तुझ्या ल्युबावहिनीनं बोर्श्च सूप केलंय."

बुटाची नाडी सोडता सोडता सावा म्हणाला, "नको, रोदिओन पावलोविच. तुम्ही जा."

वीस वर्षांत त्यानं रोदिओनला कधी असं वडिलांचं नाव जोडून हाक मारली नव्हती, की 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

महिन्याभरात संघच बंद पडला. अजूनही बाजारात गाठ पडली, की सावा टोपीला हात लावतो, तब्येतीची अदबीनं चौकशी करतो आणि चालू लागतो.