दहा पावलं

दापोडीला रेल्वे फाटकाच्या अलीकडे, मुंबई रस्त्याच्या कडेला आमची टपरी होती. माझे मालक, म्हणजे नवरा, चिमाजी चपला करायचे, मी दोऱ्याला मेण लावून शिवण घालायचे. कारखान्यातले कामगार आमचं गिऱ्हाईक. साल त्रेपन्न असेल.

एका दुपारी देहूचा तात्याबा आला. त्याला महारोग होता, पायाची बोटं झडलेली, पाय बधिर झालेले. देवाच्या दारात बसून मागायचा. तो टपरीपासून चार हात लांब बसला आणि काठीनं चप्पल पुढं सरकवली. तळातून खिळा वर आला होता, त्यावर रक्त वाळलं होतं.

"देहूपासनं ह्याच्यावर चालत आलास?" मालकांनी विचारलं.

"व्हय."

"लागलं न्हाई?"

"लाकडाला खिळ्याचं काय, भाऊ," म्हणून तो हसला.

मालक हसले नाहीत. चार दिवस खपून त्यांनी त्याच्यासाठी वेगळी चप्पल केली. मोटारीच्या जुन्या टायरचा तळ, वर कुटून मऊ केलेलं कातडं, आणि अंगठ्याऐवजी घोट्याला पट्टा. खिळा एकही नाही. शिवताना तळ हलू नये म्हणून चार खिळे मारावे लागत, पण शिवण झाली की ते उपटायचे. मग मालक ती चप्पल स्वतः घालून दहा पावलं चालायचे.

"ह्यांना टोचतंय का म्हणून इचारून उपेग न्हाई," ते म्हणायचे. "त्यांच्या वाट्याचं आपणच टोचून घ्यायला पायजे."

तात्याबानं देहूला सांगितलं, देहूनं आळंदीला. तसलीच माणसं येऊ लागली. मग कारखान्यातला हिंदुराव फिटर एक दिवस उभ्याउभ्याच म्हणाला, "राव, कारागीर तू चांगला. पण त्यांची शिवलेल्या आरीनंच माझी शिवणार?"

"आरी एकच हाय."

"मग ऱ्हाऊ दे."

त्याच्यामागून बाकीचेही गेले. वर्षभरात धड पायाचं गिऱ्हाईक उरलं नाही. तरी आमचं चालत होतं. मला मात्र भीती वाटायची. नव्या चपलेचं काही नाही, पण वापरलेली दुरुस्तीला आली की मी ती फडक्यानं धरायचे. हे मालकांना मी कधी सांगितलं नाही.

पुढच्या साली तुकाराम बीज आठवड्यावर आली होती. मालक हिवतापानं मागच्या खोलीत पडून होते. तात्याबा आला. डाव्या चपलेचा तळ सुटला होता, आणि बीजेला देहूत बसणं त्याला भाग होतं. मी खिळे मारले, शिवण घातली, खिळे उपटले. मग घालून बघायची वेळ आली. आतलं कातडं काळं पडलं होतं, त्याच्या पायाचा ठसा त्यात उतरला होता. मी हात पुसले आणि चप्पल तशीच सरकवली.

आतून मालकांनी विचारलं, "चालून बघितलंस का, ताने?"

"बघितलं."

तात्याबा समोरच बसला होता. मी जागची हलले नव्हते, हे त्यानं पाहिलं होतं.

"ऱ्हाऊ द्या, वैनी," तो हळू म्हणाला. "तुमच्याकडचं पायताण हाय, बघायला कशाला पायजे." ती घालून तो गेला.

दोन महिन्यांनी तो हातगाडीवर बसून आला. गाडी त्याची बायको गोजाबाई ढकलत होती. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पुण्याच्या दवाखान्यात कापला होता.

गोजाबाईनं एक बारका खिळा आमच्या फळीवर ठेवला.

"आदी रोज सांजचं पाय बघायचा, काय घुसलंय काय म्हणून," ती मालकांना म्हणाली. "तुमची चप्पल घेतल्यापासनं बघायचंच सोडलं. म्हणायचा, चिमाजीनं बघितलंय. हाडापतूर सडलं तवा वास आला."

मालकांनी खिळा उचलला. तो माझ्या डब्यातला होता. ते कितीतरी वेळ तो बोटांत फिरवत राहिले.

"माझ्या हातनं ऱ्हायला," ते म्हणाले. "तापात हुतो."

तात्याबानं माझ्याकडे बघितलं. मी दोऱ्याला मेण लावत होते, मान वर केली नाही.

"असंल," तो म्हणाला, आणि उजवी चप्पल काढून पुढं केली. "हिचा तळ झिजलाय. आता तुमचं काम निम्म्यावर आलं, भाऊ."

मालकांनी तिथंच तळ बदलला. खिळे उपटून एकेक मोजला. मग चप्पल माझ्यासमोर ठेवली.

मी पाय घातला. आत ओल होती. मी दहा पावलं गेले आणि परत आले.

"टोचतंय का?" मालकांनी विचारलं.

"न्हाई."

गोजाबाईनं चप्पल माझ्या पायातून काढून घेतली. तिला स्वतःला रोग नव्हता, तिची बोटं धड होती. तिनं आत हात घातला आणि टाचेपासून टोकापर्यंत बोटं दाबत, दोनदा, सावकाश चाचपून बघितलं. मग ती नवऱ्याच्या पायात चढवली आणि गाडी वळवली.

देहू-आळंदीचं त्यानंतर कुणी आलं नाही. पावसाळ्याआधी मालकांनी टपरी मोडली आणि खडकीला हमाली धरली. खिळ्याबद्दल त्यांनी मला मरेपर्यंत विचारलं नाही.